सहा महिन्यांत संगणकाची नोकरी? फी भरण्याआधी उगवण तपासा



गेल्या पंधरवड्यात पंचायत समितीत माझ्या टेबलासमोर एक ओळखीचे कास्तकार येऊन बसले. बियाण्याच्या अनुदानाचं काम असेल असं मला वाटलं. पण पिशवीतून त्यांनी काढला तो एक रंगीत छापील कागद. त्यावर टाय लावलेल्या पोरांचे फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात नोकरीची शंभर टक्के हमी.

"साहेब, पोट्टा म्हणते का सहा महिने पुण्याले जातो, कोडिंग शिकतो, मंग चाळीस हजाराची नोकरी लागते. एक लाख साठ हजार फी हाये. अर्धा एकर वावर इकू का? तुमी सांगा."

मी कृषी पदविका झालेला माणूस. बोंडअळीवर काय फवारायचं हे विचारलं तर लगेच सांगतो. या प्रश्नावर मात्र मी त्यांच्याकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत जे वाचलं, विचारलं आणि कागदावर मांडून पाहिलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. भातकुली तालुक्यात गावोगावी असे कागद फिरत आहेत, मोबाईलवर तर रोजच येत आहेत.

पोरं शेतीबाहेर का पाहतात?

यात पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. आपला बराचसा तालुका खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे विहीर खोदली तरी ओलिताची खात्री नाही. सगळी मदार पावसावर. सोयाबीन, तूर, पराटी, आणि ओल राहिली तर हरभरा. त्यात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी देताना सोयरे दहा वेळा विचार करतात. हे बोलायला जड जाते, पण प्रत्येक गावात घडते आहे.

सरकारी नोकरीचं दार तर आणखी अरुंद. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. म्हणजे एका जागेमागे सव्वादोनशे उमेदवार. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं तुम्ही रोज पाहता. अशा वेळी कोणी म्हणालं की सहा महिन्यांत हातात कला येईल आणि पगार सुरू होईल, तर ऐकणारा ऐकणारच.

कोडिंग म्हणजे नेमकं काय?

आधी शब्दाची भीती काढून टाकू. संगणकाला क्रमाने, न चुकता सूचना लिहून देणे म्हणजे कोडिंग. आमचं खातं दरवर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला असेल तर पेरा, नसेल तर थांबा. ही सूचना संगणकाच्या भाषेत लिहिली की झाला प्रोग्रॅम. तुमच्या मोबाईलवरची ई-पीक पाहणी अशाच हजारो सूचनांनी बनली आहे. महाडीबीटीवरचा ठिबकचा अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, बाजार समितीची काटापट्टी हे सगळं कोणीतरी बसून लिहिलेलंच आहे.

हे काम शिकायला पूर्वी चार वर्षांची अभियांत्रिकी लागायची. अलीकडे बारा ते तीस आठवड्यांत, रोज आठ-दहा तास बसवून, दुसऱ्या क्षेत्रातल्या माणसाला या कामाला लावणारे वर्ग निघाले. इंग्रजीत त्यांना बूट कॅम्प म्हणतात. फौजेत नव्या जवानाला सुरुवातीला जे कडक प्रशिक्षण देतात, त्यावरून हे नाव पडलं. त्या प्रशिक्षणात गडी तयार होतो तसा गळतोही, ही गोष्ट जाहिरातीत येत नाही.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही

आपल्या वऱ्हाडाचा यात मोठा वाटा आहे. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा या खेड्यात १९४६ साली जन्मलेले डॉ. विजय भटकर पुढे पुण्याच्या सी-डॅकचे पहिले प्रमुख झाले. परदेशाने महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले म्हणून १९८८ मध्ये ही सरकारी संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्याच सी-डॅकने १९९३ मध्ये प्रशिक्षण शाळा काढली. तिचा सहा महिन्यांचा प्रगत संगणन पदविका अभ्यासक्रम आजही चालतो. सुमारे ९०० तासांचं शिक्षण, दिवसभर वर्ग आणि संगणकावर काम. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला डेव्ह बूटकॅम्प निघाला तो २०१२ मध्ये. म्हणजे असा कडक वर्ग आपल्या पुण्यात जवळजवळ वीस वर्षे आधीच सुरू झाला होता.

पण फरक लक्षात घ्या. सी-डॅकला प्रवेश परीक्षा आहे, सी-कॅट नावाची. पात्रतेच्या अटीत अभियांत्रिकी, एमसीए अशा पदव्या येतात, नुसत्या बी.ए.वर ते दार उघडत नाही. २०२४ च्या सुमारास फी ९० हजार अधिक जीएसटी, म्हणजे एक लाख सहा हजारांच्या आसपास होती. सरकारी संस्था असून ती चाळणी लावून घेते. खाजगी वर्ग मात्र फी भरणाऱ्या प्रत्येकाला घेतो. चाळणी न लावता घेतलेल्या बियाण्याचं वावरात काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अमेरिकेत काय झालं?

डेव्ह बूटकॅम्प ही आद्य संस्था २०१७ च्या अखेरीस बंद पडली. टू-यू नावाच्या मोठ्या कंपनीने अशा वर्गांचा धंदा २०१९ मध्ये ७५ कोटी डॉलर मोजून विकत घेतला होता. डिसेंबर २०२४ मध्ये तिने हे वर्ग गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

आपल्यासाठी सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण आहे ते लॅम्ब्डा स्कूलचं. ऑस्टेन ऑलरेड यांनी २०१७ मध्ये काढलेली ही संस्था. पुढे तिचं नाव ब्लूमटेक झालं. आज एक पैसा देऊ नका, नोकरी लागली की पगारातला वाटा द्या, असं ती सांगे. वाटा पगाराच्या १७ टक्के, आणि एकूण ३० हजार डॉलर होईपर्यंत. ऐकायला किती न्याय्य वाटते! पीक आलं तर बटई, नाही आलं तर काही नाही.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण खात्याने या संस्थेवर कारवाई केली. हे कर्ज नाही असं सांगून प्रत्यक्षात कर्जच दिलं गेलं होतं आणि प्रत्येक करारात सरासरी चार हजार डॉलरचा आकार दडवलेला होता, असं त्या खात्याला आढळलं. जाहिरातीत नोकरी लागणाऱ्यांचं प्रमाण ७१ ते ८६ टक्के. संस्थेच्या आतल्या कागदांत मात्र ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि काही तुकड्यांत तर ३० टक्क्यांपर्यंत खाली. संस्थेला कर्ज देण्याच्या व्यवहारातून कायमचं बाद करण्यात आलं आणि प्रमुखाला विद्यार्थी कर्जाच्या व्यवहारातून दहा वर्षांसाठी.

भारतातही २०१९ नंतर बंगळूरच्या मसाई स्कूलसारख्या संस्थांनी आधी शिका, नोकरी लागल्यावर द्या ही पद्धत आणली. पद्धत मुळात वाईट नाही. शिकवणाऱ्याचा पैसाही पणाला लागतो, ही तिची जमेची बाजू. पण किती पगारावर, किती टक्के, किती महिने, आणि मुलानं मध्येच सोडलं तर काय, हे करारात वाचल्याशिवाय सही करायची नाही.

बाजार कुठे उभा आहे?

कोरोनानंतर संगणक कंपन्यांना माणसं कमी पडत होती. २०२१-२२ या आर्थिक वर्षात एकट्या टीसीएसने सुमारे एक लाख नवशिक्यांना घेतलं. त्या वर्षी ज्याची पेरणी वेळेवर झाली त्याचं पीक साधलं. आज जाहिरातीत जी यशाची उदाहरणं दाखवतात, त्यातली बरीचशी त्या वर्षांतली असतात.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. परदेशातून येणारं काम मंदावलं. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. सोपं कोड, जे नवशिक्याकडून लिहून घेत असत, ते यंत्र स्वतः लिहू लागलं. जुलै २०२५ मध्ये त्याच टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. ती कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली होती हे खरं. पण ज्या घरात कपात चालू आहे त्या घरात नवा सालदार कोणी सहज ठेवत नाही.

याचा अर्थ काम संपलं असा नाही. यंत्राने लिहिलेलं कोड बरोबर आहे की नाही हे पाहणारा माणूस लागतोच. फवारणीचं ड्रोन आलं म्हणून कीड ओळखणाऱ्याची गरज संपत नाही. पण फक्त बटण दाबता येणाऱ्याची गरज कमी होते. सहा महिन्यांचा वर्ग बटण दाबायला शिकवतो की कीड ओळखायला, हे पाहिलं पाहिजे.

वावराचा हिशेब आणि फीचा हिशेब

आता त्या कास्तकारांसोबत बसून मी जो हिशेब केला तो देतो. आकडे आपापल्या शेताप्रमाणे बदलून घ्या.

पाच एकर कोरडवाहू सोयाबीन. एकरी ५ क्विंटल धरलं तर २५ क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, म्हणजे १,३३,२०० रुपये. नांगरणीपासून मळणीपर्यंत एकरी १५ हजार खर्च धरला तर ७५ हजार. शिल्लक ५८,२००. माल हमीभावाने न जाता ४,३०० ने गेला तर शिल्लक फक्त ३२,५००.

दुसऱ्या बाजूला फी १,६०,०००. पुण्यात राहणं-खाणं महिना ९ हजार, सहा महिन्यांचे ५४ हजार. वर्ग संपल्याबरोबर नोकरी लागत नाही, म्हणून चार महिने शोधण्याचे ३६ हजार. एकूण अडीच लाख. म्हणजे हमीभावाने सव्वाचार वर्षांची आणि पडत्या भावाने पावणेआठ वर्षांची शिल्लक एका दमात खर्च होते.

आता नोकरी लागली असं धरू. मोठ्या कंपन्यांत नवशिक्याचा पगार गेली कित्येक वर्षे वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. हातात महिन्याला पंचवीस हजार येतील. पुण्याचा खर्च जाऊन बारा हजार मागे पडले, तर एकवीस महिन्यांत अडीच लाख फिटतात. पावणेदोन वर्षांत भांडवल मोकळं. पाच एकर कोरडवाहूच्या मानाने हा सौदा वाईट नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

सगळी गोम आहे ती नोकरी लागली तर या शब्दांत. शंभरातल्या नव्वद मुलांना लागत असेल तर घर सावरतं. चाळीसांना लागत असेल तर उरलेल्या साठ घरांचं वावर किंवा पत गेली. म्हणून फीचा आकडा पाहण्याआधी हा आकडा पाहायचा. जाहिरातदार मात्र नेमका तोच झाकून ठेवतो.

शंभर दाण्यांची चाचणी

तुम्ही घरचं सोयाबीन पेरण्याआधी काय करता? ओल्या पोत्यात शंभर दाणे मोजून ठेवता, आठ दिवसांनी कोंब मोजता. सत्तर उगवले तर ठरलेलं बियाणं, कमी उगवले तर जास्त बियाणं, फारच कमी तर पेरणीच नाही. पिशवीवर काय छापलं आहे यावर विसंबून राहत नाही. हीच चाचणी वर्गाला लावा.

पहिलं, मागच्या दोन तुकड्यांत किती जणांनी फी भरली, किती जणांनी पूर्ण केलं आणि किती जणांना नोकरी लागली, हे तीन आकडे वेगवेगळे लेखी मागा. टक्केवारी काढताना गळालेली मुलं वगळण्याची चलाखी होते. न उगवलेले दाणे फेकून उरलेल्यांची उगवण मोजण्यासारखं ते आहे.

दुसरं, नोकरी कोणती लागली? कोड लिहिण्याची, की फोनवर माल विकण्याची? दोन्ही कामं प्रामाणिक आहेत, पण दुसऱ्यासाठी दीड लाख भरायची गरज नाही.

तिसरं, मागच्या तुकडीतल्या दहा मुलांशी बोला. मुलं तुम्ही निवडा, संस्थेनं दिलेले दोन नंबर नकोत.

चौथं, शिकवणारा कोण? समोर उभा राहून शिकवणार की आधी भरून ठेवलेल्या चित्रफिती दाखवणार? अडलं तर किती वेळात कोण उत्तर देणार?

पाचवं, पंधरा दिवसांत मुलानं सोडलं तर किती पैसे परत, हे करारात लिहिलेलं हवं. तोंडी शब्द धरू नका.

सहावं, पावती जीएसटी क्रमांकासह आणि ज्या नावाने करार त्याच नावाने हवी.

यात माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही संध्याकाळच्या एका वर्गाला पैसे भरले होते. दोन महिन्यांत तीन शिक्षक बदलले, चौथा आलाच नाही. पैसे परत मागायला गेलो तर करारात परतावा नाही ही ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती. मी ती वाचली नव्हती. कीटकनाशकाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा असं गावोगाव सांगणारा माणूस मी!

कर्ज कोणाच्या नावावर?

सगळ्यात मोठा धोका इथे आहे. अशा खाजगी वर्गाला बँकेचं शैक्षणिक कर्ज सहसा मिळत नाही, कारण त्या मान्यताप्राप्त पदव्या नसतात. मग संस्थेतलाच माणूस म्हणतो, काळजी नको, बिनव्याजी हप्ते करून देतो. मोबाईलवर आधार, पॅन आणि एक ओटीपी. दहा मिनिटांत एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज तयार होतं, आणि मुलाला उत्पन्न नसल्यानं ते बहुतेकदा बापाच्या नावावर होतं.

पैसे वित्त कंपनीकडून थेट संस्थेला जातात. पुढे वर्ग बंद पडला किंवा मुलगा परत आला, तरी हप्ता थांबत नाही, कारण कर्जाचा करार वेगळा असतो. हप्ते चुकले की सिबिल खराब. पीक कर्जासाठी सिबिलची अट लावू नका असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलं आहे. तरी बँकेच्या खिडकीवर काय होतं ते तुम्ही जाणता. म्हणजे पोराच्या वर्गाचा हप्ता चुकला आणि बापाचं खरिपाचं कर्ज अडलं, अशी गाठ पडते.

पीक कर्ज उचलून फी भरण्याचा विचारही काही जण करतात. तो करू नका. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते.

कर्ज घ्यावंच लागलं तर एकच कागद मागा. एकूण किती परत करायचे, व्याज आणि आकार मिळून वार्षिक दर किती, हे एका पानावर सांगणारं मुख्य तथ्य विवरण देणं रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्यांवर बंधनकारक केलं आहे. ते मिळेपर्यंत ओटीपी कोणालाही सांगू नका. निम्न पेढी प्रकल्पात ज्यांची जमीन गेली आणि मोबदला हाती आला, त्यांनी तर दुप्पट सावध राहावं. पैसा कुठे आला आहे याचा वास अशा माणसांना आधी लागतो.

आधी एक तास, मग वावर

नवं वाण आलं की आम्ही सांगतो, पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांत लावून पाहा. इथेही तेच सांगतो. फी भरण्याआधी मुलानं किंवा मुलीनं तीन महिने घरी बसून फुकटात शिकून पाहावं.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाच्या भाषांचे छोटे धडे आहेत, त्यातले अनेक मराठीतून आहेत आणि मोफत आहेत. सरकारच्या स्वयम् आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची सुमारे हजार रुपये फी. आयआयटी मद्रासने २०२० पासून डेटा सायन्सची पदवी घरबसल्या देणं सुरू केलं आहे, आणि उत्पन्न कमी असलेल्या घरातल्या मुलांना फीत मोठी सवलत आहे. नवगुरुकुल ही संस्था गरीब घरातल्या मुलामुलींना निवासी प्रशिक्षण देते; पुण्यातही तिने मुलींसाठी केंद्र चालवलं आहे. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्याकडे आपापल्या वर्गातल्या युवकांसाठी वेळोवेळी कौशल्याचे कार्यक्रम निघतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं, त्यांचीही चौकशी करा.

तीन महिने रोज दोन तास जो बसला, ज्यानं चूक सापडेपर्यंत खुर्ची सोडली नाही, त्याला पुढच्या वर्गाचा फायदा होईल. जो आठवड्यात कंटाळला, त्याचं पंधराशेच्या नेटपॅकवरच भागलं, वावर वाचलं. इंग्रजीची भीती बाळगू नका. मी मराठी माध्यमाचा. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर थोडं शिकलो तेव्हा कळलं की शे-दीडशे शब्द पुरतात. खरी परीक्षा बैठकीची आहे. बारा तास पराटी वेचणाऱ्या घरातल्या मुलांना बैठक शिकवावी लागत नाही, हे माझं निरीक्षण आहे.

आणखी एक गोष्ट. शेतीतून जाणाऱ्या मुलानं शेती विसरू नये. कापूस कोणत्या वेळी वेचला की ओलावा किती असतो, खारपाणपट्ट्यात कोणतं पीक तग धरतं, पंचनाम्यात कुठे घोळ होतो, हे त्याला माहीत असतं. शहरातल्या मुलाला ते पुस्तकात सापडत नाही. पीक पाहणी, पीक विमा, हवामान, बाजारभाव या सगळ्याची कामं आता संगणकावर आली आहेत. तिथे या माहितीला किंमत आहे.

ग्रामसेवक, सरपंच, पोलीस पाटील यांना विनंती

अनेक वर्षांपूर्वी इमू पाळणाऱ्यांना हमी खरेदी सांगितली गेली, नंतर पक्षी कोणी घेईना. गावोगाव डी.एड. ची विद्यालयं निघाली, लाखभर रुपये देऊन पोरं शिकली, आणि २०१२ नंतर शिक्षक भरती कित्येक वर्षे रखडली. दोन्ही वेळा पहिली सभा गावच्या चावडीवर किंवा शाळेत झाली होती. सभागृह आपणच दिलं होतं.

म्हणून यापुढे मोफत मार्गदर्शन शिबिरासाठी कोणी जागा मागितली, तर वर दिलेले तीन आकडे, नोंदणी आणि जीएसटी क्रमांक आधी मागा. ते मिळाले तर जागा द्या आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. ग्रामसभेत हा विषय दहा मिनिटे घ्या. ज्या मुलांनी असे वर्ग केले आहेत, यशस्वी झाले किंवा परत आले, त्या दोघांनाही बोलू द्या. परत आलेल्या मुलाला हसू नका. त्याचा अनुभव दहा घरं वाचवतो.

फसगत झालीच तर गप्प बसू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देण्यास त्यात मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. जाहिरातीचा कागद, पावती, मोबाईलवरचे संदेश जपून ठेवा. हाच तुमचा पंचनामा.

त्या कास्तकारांचं काय झालं?

चार दिवसांनी ते मुलाला घेऊन आले. मुलगा बी.एस्सी. झालेला, शांत. मी त्याला कागदावरचे प्रश्न दिले आणि म्हटलं, संस्थेला फोन लाव, आत्ताच, माझ्यासमोर. त्यानं लावला. पलीकडच्या माणसानं शंभर टक्के हमी तीनदा सांगितली. मागच्या तुकडीचे आकडे विचारल्यावर म्हणाला, ऑफिसला या, मग दाखवतो; पण आज पाच हजार भरले तर सवलत आहे, उद्या नाही. मुलानं फोन ठेवला आणि बापाकडे पाहिलं. कोणीच काही बोललं नाही.

वावर विकलं गेलेलं नाही. मुलगा सध्या सकाळी शेतात आणि संध्याकाळी दोन तास संगणकावर बसतो. गावातल्या सेवा केंद्रातला जुना संगणक त्याला रात्री वापरायला मिळतो. तीन महिने झाले की पुढचं ठरेल. सी-डॅकला तो पात्र ठरतो का तेही पाहतो आहे. तो टिकेल की नाही, मला आज सांगता येत नाही. त्याच्या वडिलांनी जाताना विचारलं, "साहेब, अन् नाहीच जमलं तं?" मी म्हणालो, तर तीन महिने गेले, काका. तीन महिन्यांचं नुकसान भरून काढता येतं, विकलेलं अर्धा एकर परत येत नाही.

तुमच्या घरात असा कागद आला असेल तर तो घेऊन पंचायत समितीत या. बियाण्याच्या पिशवीसारखाच तोही आपण दोघं मिळून वाचू.